काट्यावर सडपातळ, टेपवर नाही

माझ्या नवऱ्याचं वजन ६१ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२.४. "बघ, नॉर्मल!" म्हणत तो साबुदाण्याची खिचडी पुन्हा वाढून घेतो. हातापायांच्या काड्या आणि मध्ये शर्टाची बटणं ताणणारं पोट, हे त्या आकड्यात दिसतच नाही.

मी ब्लाउज शिवते, टेप कायम गळ्यात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर माप घेतलं (त्याने पोट आत ओढलं होतं, ते सोडायला लावलं): ९४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९०, बायकांसाठी ८०. माझं विचारू नका.

बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाचं, १८३०च्या दशकातलं. त्याला अख्ख्या समाजाची सरासरी हवी होती, कुणा एकाची चरबी मोजायची नव्हती. एकेका माणसाला त्याच आकड्याने मापण्यातली गफलत आमच्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःवरच दाखवली. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही अशीच: वजनाने कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे हे पोट निव्वळ खिचडीने आलेलं नाही.

सासूबाईंना हे पटत नाही. "जिभेवर ताबा नको?" मागे त्याने रात्रीचं जेवण तोडून वजन उतरवलं होतं, पण भूक अशी खवळायची की सगळं परत आलं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतात, त्यावरून मेंदूला साठ्याचा अंदाज येतो. चरबी घटली की लेप्टिन उतरतं, जठरातून येणारं, भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा अन्न मागू लागतो. त्यापुढे ताबा किती दिवस पुरणार?

"मग त्या लेप्टिनच्या गोळ्या का देत नाहीत डॉक्टर?" सासूबाईंचा प्रश्न चोख होता. १९९४ मध्ये त्याचं जनुक सापडलं तेव्हा शास्त्रज्ञांनाही तीच आशा होती. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही. ज्यांच्या शरीरात ते जन्मतःच बनत नाही, अशा मोजक्यांनाच इंजेक्शनचा खरा उपयोग होतो.