त्व्हेर: आमच्या जुन्नरचा पावसाळा लिहून ठेवणाऱ्याच्या गावी

मॉस्को पाहून झालं की बहुतेक जण थेट सेंट पीटर्सबर्गची गाडी धरतात. त्याच मार्गावर मॉस्कोपासून साधारण १७० किलोमीटरवर त्व्हेर आहे. मी मुद्दाम तिथं उतरलो, कारण मी जुन्नरचा आणि त्व्हेरचा एक व्यापारी, अफनासी निकितिन, १४७०च्या आसपास आमच्या गावी राहून गेला होता.

चौलला उतरून तो घोडा घेऊन जुन्नरला आला. तिथला कारभार पाहणाऱ्या असदखानानं घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडाही गेला आणि हजार मोहरा दंडही! एका खुरासानी माणसानं रदबदली केली म्हणून सुटला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असं त्यानं टिपून ठेवलंय. आषाढात कुकडीच्या काठानं चाललेल्या माणसाला यातला शब्दन् शब्द पटेल.

मॉस्कोत मेट्रोनं कोम्सोमोल्स्काया गाठायचं, वर आलं की लेनिनग्रादस्की स्टेशन. मेट्रोतली एक गंमत कानावर ठेवा: गाडी शहराच्या मध्याकडे जात असेल तर स्थानकांची नावं पुरुषाच्या आवाजात ऐकू येतात, बाहेर जाताना बाईच्या. मी दोनदा चुकीच्या गाडीतून याच खुणेनं वेळेत उतरलो. त्व्हेरला 'लास्तोच्का' घ्या. लास्तोच्का म्हणजे पाकोळी. ही गाडी दोन तासांच्या आत पोचवते, साधी लोकल बराच जास्त वेळ घेते.

निघण्यापूर्वी रशियन अक्षरं शिका, दोन संध्याकाळी पुरतात. रोमनसारखी दिसणारी अक्षरं फसवतात: 'पी' दिसलं की 'र' वाचायचं, 'एच' म्हणजे 'न', 'सी' म्हणजे 'स'. पैशांचं मात्र घरूनच बघा. मार्च २०२२ पासून भारतातली व्हिसा, मास्टरकार्डची कार्डं तिथं चालत नाहीत. डॉलर किंवा युरो न्या, कोऱ्या नोटा, आणि बँकेतच बदला. हॉटेल तुमची नोंदणी करून कागद देतं, तो जपून ठेवा.

जेवायला 'स्तोलोवाया' शोधा, म्हणजे आपली खाणावळच. ट्रे घेऊन रांगेत सरकायचं, बोटानं दाखवायचं. ग्रेच्का, म्हणजे कुट्टूचे भाजलेले दाणे भातासारखे शिजवून वर लोणी. मला तो इतका आवडला की तीन दिवस दुसरं काही घेतलं नाही. शाकाहाऱ्यांनी 'बेझ म्यासा', म्हणजे 'मांसाशिवाय', हे दोन शब्द पाठ करावेत, कारण कोबीच्या सूपमध्येही बहुधा मांसाचंच पाणी असतं.

आणि जॅकेटला कॉलरच्या आत टांगायची नाडी आहे ना, ते तपासा. संग्रहालयात, नाट्यगृहात कोट बाहेर 'गार्देरोब'मध्ये द्यावाच लागतो. माझ्या जॅकेटची नाडी तुटलेली. काउंटरवरच्या आजींनी कॉलर उलटी करून मला दाखवली, मान हलवली, मग खणातून सुईदोरा काढला आणि उभ्याउभ्या चार टाके घालून दिले. पैसे देऊ केले तर हात मागे घेतला. ते जॅकेट आता मी टाकणार नाही.

निकितिनचा पुतळा व्होल्गाच्या डाव्या तीरावर आहे, १९५५ साली उभारलेला. शहराच्या बाजूनं जुन्या पुलावरून चालत जा, बस नको. पुलावरूनच स्मारकातल्या नावेचं पुढचं टोक दिसू लागतं, त्यावर घोड्याचं डोकं आणि वर ब्राँझचा निकितिन. त्या घोड्यापाशी मी बराच वेळ उभा होतो. घोडा आमच्या गावात हिरावला गेला होता. आणि एवढे समुद्र ओलांडून परतलेला हा माणूस घरी पोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच गेला. त्याची टिपणं तेवढी मागे राहिली. आपल्याकडे रेवदंड्यालाही २००२ मध्ये त्याचं स्मारक झालं आहे. अलिबागला जाणाऱ्यांनी तेवढी वाकडी वाट करावी.

ऑक्टोबरमध्ये गेलात तर हातमोजे न्या, नदीवरचा वारा बोटं बधिर करतो. परतीच्या शेवटच्या लास्तोच्काची वेळ सकाळीच बघून ठेवा. मी काठावर रेंगाळलो आणि स्टेशनापर्यंत टॅक्सी करावी लागली. ॲपमध्ये रोखीचा पर्याय असतो.