फोटो भारी आला, पण झाड रानमोडीचं

गेल्या डिसेंबरात मामाच्या गावाला गेलेले, राधानगरीच्या वरच्या अंगाला. बांधावर डोक्याएवढी उंच झुडपं, त्यावर पांढरट जांभळी बारकी फुलं, तंतू बाहेर आलेले, आणि वर निळ्या ठिपक्यांची फुलपाखरं एवढी की मी मोबाईल काढून सुटलेच. मामा मागनं आला, "खुळी का काय तू? रानमोडी हाय ती. फोटो कसलं काढतीस, उपट की!"

तर ही रानमोडी. सूर्यफूल, झेंडू, शेवंतीच्या खानदानातली, पण मूळची इथली नव्हेच, अमेरिकेकडची. ओळखायला सोप्पी, पान उलटं करा, देठापासून तीन ठळक शिरा निघतात, हुबेहूब त्रिशूळ. आणि चुरगाळलं की असा उग्र वास येतो की हात दोनदा धुवावे लागतात (मी तीनदा धुतले). गुरं तोंड लावत नाहीत, आणि जिथं ही माजते तिथं खाली गवत उरत नाही. तिथलंच दाजीपूरचं अभयारण्य 1958 पासून गव्यांसाठी राखलेलंय, आता गव्यानं खायचं काय? मग तो उतरतो आपल्या उसात, आणि शिव्या खातो गवा.

मामा म्हणाला नुसती कापून भागत नाही, बुडातनं दुप्पट फुटवे येतात. पेटवली तरी तेच, वरचं जळतं आणि पाऊस पडला की खालनं परत हिरवी. पावसाळ्यात जमीन ओली असताना मुळासकट ओढायची, आणि ते पण फुलायच्या आधी, कारण बी म्हणजे केसांचा झुबका लावलेली बारीक काडी, वारं आलं की चालली शेजाऱ्याच्या रानात. म्हणजे मी गेलेले तेव्हा आधीच उशीर झालेला, तरी दोघांनी तासभर ओढली.

त्यात विळा लागला बोटाला. मामानं काय करावं, त्याच रानमोडीचा पाला तळहातावर चोळला आणि रस पिळला जखमेवर. झोंबलं जाम, पण रक्त थांबलं! इकडं जुनी माणसं असंच करतात म्हणे. मी घरी येऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंच, ते सोडा.

फोटो अजून डीपीला आहे. मामानं बघितला, म्हणाला "आता उसाच्या कांड्या किडीचा बी लाव एक."