चाकं बदलली, दिवा काही विझेना

“सर, बाहेरचे रिम टाकलेत ना, मग दिवा लागणारच.” टायर प्रेशरच्या दिव्याबद्दल नऊ दिवसांत हे वाक्य मी तीनदा ऐकलं, आणि ते साफ चूक आहे. रिम कुणी बनवला याच्याशी टायर प्रेशर सेन्सरला काही देणंघेणं नसतं. तो व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला बसतो, टायरमधला दाब आणि तापमान मोजतो आणि स्वतःच्या नंबरासकट ४३३ मेगाहर्ट्झवर गाडीला कळवतो. गाडीच्या मॉड्यूलमध्ये चार नंबर साठवलेले असतात, ती तेवढ्या चौघांचंच ऐकते. त्यातला एक जरी गप्प बसला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा.

गाडी सहा वर्षांची. दोन रिम वाकले होते म्हणून चारही बदलले, माप तेच, १६ इंची. तीन सेन्सर जुन्या रिममधून काढून नव्यात गेले. चौथ्याचा व्हॉल्व्ह टोपण काढतानाच मोडला, आणि त्यात चूक माझीच. हौसेने चमकणारी पितळी टोपणं लावली होती. सेन्सरचा व्हॉल्व्ह बहुतेकदा ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियमला पितळ चिकटलं आणि वर दोन पावसाळे गेले की आटे गंजून एकजीव होतात. पक्कड लावून टोपण फिरवलं की व्हॉल्व्हच पिळून हातात येतो. गाडीबरोबर आलेलं काळं प्लास्टिकचं टोपणच ठेवा. आतली पिनसुद्धा साधी पितळी नको, निकेलचा मुलामा दिलेली घ्या. साधी बसवली तर तीही तशीच जाम होते.

टायरवाल्याने मोडलेल्याच्या जागी युनिव्हर्सल सेन्सर टाकला. गाडी सुरू केली की दिवा मिनिटभर लुकलुकायचा आणि मग स्थिर व्हायचा. ही खूण नीट लक्षात ठेवा. दिवा सुरुवातीपासून स्थिर लागला तर हवा कमी आहे. आधी लुकलुकून मग स्थिर झाला तर हवेचा प्रश्न नाही, यंत्रणेला एखादा सेन्सर सापडत नाहीये. सर्व्हिस सेंटरला मी हेच सांगितलं. त्यांनी चारही चाकांत हवा भरून दिली आणि म्हणाले, “वीसेक किलोमीटर चालवा, जाईल.”

गेला नाही. पुढची तारीख चार दिवसांनंतरची मिळाली. त्या दिवशी सकाळी साडेनऊला लावलेली गाडी दुपारी तीनला आत गेली. एका पोराने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, दुसऱ्याने हातातलं यंत्र प्रत्येक टायरच्या बाजूला, व्हॉल्व्हजवळ धरलं. हे यंत्र १२५ किलोहर्ट्झचा इशारा देऊन झोपलेल्या सेन्सरला जागं करतं. गाडी उभी असताना सेन्सर बॅटरी वाचवायला झोपतो, पंचवीस-तीसच्या वेगाला चाक फिरलं की आपोआप बोलायला लागतो. तीन चाकांचे नंबर, दाब, तापमान पटापट आले. मागच्या डाव्या चाकाशी यंत्र दोन मिनिटं धरून ठेवलं, तरी कोरंच. निदान झालं: “सेन्सर खराब आहे, चारही बदलून घ्या, सेट येतो.” तीन नीट चालत असताना चार कशाला, तर म्हणे मॅच व्हायला पाहिजेत. एस्टिमेट छापून माझ्या हातात.

तेव्हा स्क्रीनचा एक फोटो मी काढला. का काढला ते आता सांगता येणार नाही, बहुधा वैतागून, पुढे भांडायला कामी येईल म्हणून. नंतर तोच कामाला आला.

सेन्सर खराब नव्हताच. तो कोरा होता. युनिव्हर्सल सेन्सर कारखान्यातून येतो तेव्हा त्याला तुमच्या गाडीची भाषा येत नसते. कोणत्या कंपनीची, कोणत्या वर्षाची गाडी, ते प्रोग्रॅम आणि एक नंबर यंत्राने त्याच्यावर लिहावा लागतो. आमच्या टायरवाल्याकडे ते यंत्रच नव्हतं. त्याने सेन्सर साध्या व्हॉल्व्हसारखा ठोकून दिला. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: “सेन्सर प्रोग्रॅम करायचं यंत्र तुमच्याकडे आहे का?” “गरज नाही पडत भाऊ, चालवा, होतंय आपोआप” असं उत्तर आलं की चाकं उतरवू देऊ नका. ‘आपोआप’ काही गाड्यांत खरंच होतं, दहा-पंधरा मिनिटं चालवलं की गाडी नवे नंबर शिकते. पण सेन्सर बोलत असेल तर. कोऱ्याकडून ती काय शिकणार?

नंबर दोन तऱ्हेने देता येतो. नवा नंबर लिहायचा आणि तो गाडीला शिकवायचा. त्याला स्कॅनर लागतो, म्हणजे पुन्हा तेच सर्व्हिस सेंटर. तिसऱ्या खेपेला तिथे सरळ सांगितलं की बाहेरचा सेन्सर आम्ही चढवत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे जुन्या सेन्सरचा नंबर नव्यावर उतरवायचा. मग गाडीला कळतच नाही की सेन्सर बदललाय, काही शिकवावंही लागत नाही. जुन्याचा नंबर त्याच्या पाठीवर छापलेला असतो, बहुतेक आठ खुणांचा, आकडे आणि ए ते एफ अक्षरं. बॅटरी मेली, व्हॉल्व्ह तुटला, तरी तो वाचता येतो. मी धावत टायरवाल्याकडे गेलो, तर त्याचा भंगाराचा डबा दोन दिवसांपूर्वीच उचलला गेला होता.

मग मोबाईलमधला तो फोटो आठवला. स्क्रीनवर दोन रकाने होते: चाकांतून आत्ता आलेले नंबर आणि गाडीत साठवलेले नंबर. पहिल्यात तीन, दुसऱ्यात चार. जो चौथा पहिल्या रकान्यात नव्हता, तोच मोडलेल्या सेन्सरचा. म्हणजे चार सेन्सरचं एस्टिमेट छापणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर तो नंबर लिहिलेला होता!

जालन्याहून संभाजीनगर गाठलं. तिथल्या एका टायरच्या दुकानात यंत्र होतं. बऱ्याच कोऱ्या सेन्सरवर टायर न उतरवता बाहेरूनच लिहिता येतं, माझ्या सेन्सरवरही आलं. नंबर टाईप केला, यंत्र टायरला टेकवलं, पाच मिनिटांत काम झालं. परतताना चिकलठाण्यात दिवा लागलेलाच होता. शेंद्र्याच्या पुढे कधीतरी बघितलं तर गेलेला. विझताना बघायचं राहूनच गेलं.

सेन्सर मागवताना वारंवारता बघून घ्या. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झचे असतात, ऑनलाइन स्वस्तात मिळतात आणि आपल्या ४३३ च्या गाडीत मुकेच राहतात. बाहेरच्या रिमला व्हॉल्व्हचं भोक साधारण ११.५ मिलिमीटरचं हवं आणि त्याभोवतीची जागा सपाट हवी, नाहीतर नटाखालचं रबर नीट दाबलं जात नाही आणि हवा हळूहळू जाते. जुना सेन्सर बसवताना रबर, नट आणि पिन नवी घ्या. नट ताकदीने आवळायचा नाही. टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा आकडा सेन्सर बनवणारा देतो, साधारण ४ ते ८ न्यूटन-मीटर असतो.

टायर उतरवताना समोर उभे राहा. मशीनचा टायर दाबणारा फावडा व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला लागला पाहिजे. चढवताना टायरची शेवटची कड सेन्सरवरून ओढली जाऊ नये. एवढं चुकलं की सेन्सरचं प्लास्टिक तडकतं. बॅलन्सिंग सेन्सर बसल्यावरच, कारण त्याचं वजन तीस-चाळीस ग्रॅम भरतं.

बॅटरी पाच ते दहा वर्षं चालते आणि ती आत ओतून बंद केलेली असते, बदलता येत नाही. सातव्या-आठव्या वर्षी टायर टाकताय तर सेन्सरही तेव्हाच बदला, नाहीतर वर्षभरात तेच टायर पुन्हा उतरवावे लागतील.

२०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, टायर प्रेशरची ही यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. त्या किटमधलं चिकट द्रव्य सेन्सरचं बारीक छिद्र बुजवू शकतं. वापरलं असेल तर पंक्चरवाल्याला सांगा, तो आतून पुसून घेईल.

हवा थंड टायरात भरा, गाडी निदान तीन तास उभी असताना. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी टायर आतून ५५ अंशांना असताना ३३ पीएसआय भरली, तर पहाटे २५ अंशांना तीच साडेअठ्ठावीस दाखवते. आकडा उतरलेला दिसतो आणि लोक सेन्सरला शिव्या घालतात.

काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या सेन्सरवरून कोणतं चाक जास्त फिरतंय ते बघून गाडी अंदाज करते. तुमची तशी असेल तर हवा भरून रीसेटचं बटण दाबा, सेन्सरबद्दलचं वरचं काहीच लागू नाही.

आणि चाकात सेन्सर असतील तर चाकांची अदलाबदल केली की गाडी कोणतं चाक कोणत्या कोपऱ्यात धरते ते तपासा. एका चाकातली पाचेक पीएसआय हवा सोडा, थोडं चालवा आणि स्क्रीनवर कोणत्या चाकाचा आकडा उतरतो ते बघा. माझ्या गाडीत पुढच्या उजव्याची हवा सोडली तर मागच्या उजव्याचा आकडा उतरला.