माय, पऱ्हाट्या आणि पांढरी फीत

भरताची वांगी माय अजून पऱ्हाट्यांवरच, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवरच भाजते. परवा चोपड्याला घरी गेलो तेव्हा ती अंगणात जाळ करून बसली होती. मी बॅगेतून वापरलेली फीत काढून तिच्यासमोर धरली.

"हाई काय शे रे?"

माझी दोन महिन्यांची कमाई. केप टाउनहून अंटार्क्टिकातल्या भारती या आपल्या संशोधन केंद्राकडे निघालेल्या जहाजावर माझ्याकडे एथॅलोमीटर होता. हे यंत्र हवा ओढून फितीतून गाळतं. फितीवर काजळीचा ठिपका धरत जातो आणि ८८० नॅनोमीटरचा प्रकाश त्यातून किती अडतो, यावरून काजळी मोजायची.

आधी काळे ठिपके दाखवले. ते आमच्याच जहाजाच्या धुराड्याचे. हवा घेणारी नळी पार पुढे, नाळेवर उंच बांधलेली. तरी मागून वारा आला की धूर नळीत शिरतोच. तेवढ्या तासांचे आकडे टाकून द्यायचे. एकदा दोन दिवस वारा फिरलाच नाही. रात्री उठून डेकवर जायचो, वारा बघायचो, परत यायचो. इतका जीव तुटला होता.

मग कोरे वाटणारे ठिपके. तिथल्या स्वच्छ हवेत घनमीटरमागे काजळी जेमतेम काही नॅनोग्रॅम.

"मंग मन्हा धूर तठे जास का?"

काजळी नाही जात, म्हटलं. ती आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाबरोबर खाली येते. पऱ्हाट्यांतून सुटलेला कार्बन डायऑक्साइडही पुढची कपाशी परत ओढून घेते. पण दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जळून जो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो पावसानं धुतला जात नाही. फिरत फिरत दक्षिणेला पोचतो. आमच्या दुसऱ्या यंत्रात वीतभर अंतरावरच्या आरशांमध्ये लेसरचा प्रकाश इतके हेलपाटे घालतो की त्याची वाट कित्येक किलोमीटरची होते. तो किती लवकर विझतो, त्यावरून हवेत हा वायू किती ते कळतं. काजळी नसलेल्या हवेतही तो आकडा हवेच्या दशलक्ष भागांत ४०० च्या वर. १९५८ साली हवाई बेटांवर मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. दक्षिण ध्रुवावर २०१६ मध्ये ४०० पार झाला. चहूकडे नुसता बर्फ आणि पाणी, आणि पडद्यावर तो आकडा. बघून पोटात कालवायचं.

मायनं पदराला हात पुसले, फीत उन्हाकडे धरली. कोरा ठिपका कितीतरी वेळ निरखत राहिली.

"दिसस रे. बारीक शे, पन दिसस."