दिवंगत सभासदांची स्मरणिका आणि मृत्युनोंदीचा उतारा : माझा अनुभव

आमच्या बोट क्लबच्या दिवंगत ज्येष्ठ सभासदांची स्मरणिका छापून झाली असली, तरी नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर मला वारंवार विचारला गेलेला एक प्रश्न अजून मनातून जात नाही : ‘मृत व्यक्तीशी आपले नाते काय?’ असे काम पुढे कोणी हाती घेतले, तर त्या प्रश्नापाशी त्याने तरी अडून राहू नये, म्हणून हे लिहीत आहे.

पुण्यात वल्हवणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. बंडगार्डनच्या बंधाऱ्याने अडवलेल्या पाण्यावर एकोणिसाव्या शतकापासून बोटी चालत आल्या आहेत आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची (आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाची) रेगाटा, म्हणजे बोटींच्या खेळांचा सोहळा, १९२८ पासून भरते. आमचा क्लब यांच्या तुलनेत लहान, पण त्यातही उभे आयुष्य नदीवर घालवलेली माणसे होती. प्रत्येकासाठी एक पान ठेवावे, त्यावर जन्म-मृत्यूच्या तारखा, बोटीतील जागा आणि क्लबसाठी केलेले काम नोंदवावे, असे ठरले. जुनी सभासद-पुस्तके १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात गेली होती, त्यामुळे अगोदरच्या काळाबद्दल कागदावर काहीच उरलेले नव्हते.

तारखांचा आग्रह कार्यकारिणीचा होता आणि तो मला पटलेला होता. एकाच सभासदाच्या निधनाची तारीख वर्तमानपत्रातील निधनवार्तेत एक, त्यांच्या नावाने ठेवलेल्या फिरत्या करंडकावर दुसरी, तर घरच्यांच्या स्मरणात तिसरीच असे. घरच्यांना बहुधा तारीख आठवत नाही, तिथी आठवते, कारण श्राद्ध तिथीला होते. जुने पंचांग मिळवून तिथीवरून तारीख काढता येते, परंतु तिथी मध्यरात्री बदलत नसल्याने एका दिवसाचा फरक सहज राहून जातो. शेवटी मृत्युनोंदीचा उतारा काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

अशाच एका सभासदाच्या उताऱ्यासाठी शहराच्या एका भागातील नोंदणी कार्यालयात मी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा तेथील लिपिकांनी तो न वाचताच नात्याचा पुरावा मागितला. मृत गृहस्थ अविवाहित होते आणि त्यांचे भाऊही हयात नव्हते. चौघांच्या बोटीत मी वर्षानुवर्षे त्यांच्या मागच्या जागेवर बसून त्यांच्या लयीत वल्हे मारले होते, पण अर्जात त्या नात्यासाठी रकाना नव्हता. वारसाला घेऊन या, असे मला सांगण्यात आले. पुढच्या खेपेस साहेब रजेवर होते आणि त्यानंतर क्लबच्या लेटरहेडवर पत्र आणण्यास सांगितले गेले. ते नेल्यावर पुन्हा तोच प्रश्न आला. मला राग आला तो उशिराचा नव्हे. एका भल्या माणसाबद्दल चौकशी करणारा जणू काही लबाडीच करायला आला आहे, अशा नजरेने पाहिले जाण्याचा आला, आणि तो राग मला आजही रास्तच वाटतो.

वास्तविक जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १७ नुसार कोणतीही व्यक्ती नोंदवहीत शोध घ्यायला लावू शकते आणि मृत्युनोंदीचा उतारा मागू शकते. फक्त त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. नात्याची अट त्या कलमात नाही. हे कलम छापून अर्जाला जोडावे, अर्ज आवक विभागात देऊन आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि नकार द्यायचा असल्यास तो लेखी द्यावा, अशी विनंती अर्जातच लिहावी. मी असे केले त्या दिवसापासून खिडकीवरची भाषा बदलली.

तरीही नोंद सापडेना. ‘नोंद नाही’ हे उत्तर तोंडी मिळत होते, परंतु अनुपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे नोंद सापडत नसल्याचा लेखी दाखला, मागितले की पुन्हा टाळाटाळ सुरू होई. अखेर क्लबच्या एका वृद्ध सभासदाने सहज बोलता बोलता सांगितले की, त्या गृहस्थांना शेवटी खडकीच्या रुग्णालयात हलवले होते. मृत्यूची नोंद राहत्या पत्त्यावरून होत नाही, मृत्यू ज्या हद्दीत घडला तेथे होते. आयुष्यभर पेठेत राहिलेल्या माणसाची नोंद खडकी छावणीच्या वहीत होती आणि ती विनासायास मिळाली. इतक्या खेपांत हा एक साधा प्रश्न, ‘ते गेले कुठे?’, कार्यालयातील एकाही माणसाला विचारावासा वाटला नाही. म्हणून शोधाला निघण्यापूर्वी घरच्यांकडून रुग्णालयाचे नाव आधी काढावे. शोधाची फी वर्षागणिक लागते, तेव्हा वर्षही शक्य तितके पक्के असावे. शिवाय क्लबमध्ये ज्यांना सर्वजण अण्णा किंवा बाळासाहेब म्हणत, त्यांचे कागदोपत्री नाव वेगळेच निघते. ते पेन्शनच्या कागदावर किंवा रेशनकार्डावर पाहून घ्यावे.

छायाचित्रांचे काम त्यामानाने आनंदाचे होते. वृद्ध सभासदांना ‘हे कोण?’ असे विचारले की नाव आठवत नाही, पण ‘स्ट्रोकला (बोटीची लय ठरवणाऱ्या जागेवर) कोण बसायचे?’ असे विचारले की चौघेही क्रमाने आठवतात आणि मग त्यांचे भांडण, त्यांची शर्यत, पावसाळ्यात पाणी वाढल्यावर रात्री बोटी वर ओढून घेतल्याची हकीकतही येते. वल्हवणारे बोटीच्या पुढच्या टोकाकडे पाठ करून बसतात आणि सुकाणू सांभाळणारा कॉक्स पुढे पाहत असतो, एवढे लक्षात ठेवले की पुसट छायाचित्रातही कोण कोणत्या जागेवर आहे ते लावता येते. स्मरणिकेतील सर्वांत चांगली पाने अशाच बोलण्यांतून उतरली. बोटींची डागडुजी करणारे बोटमन सभासद नव्हते, त्यामुळे त्यांना पान द्यावे की नाही यावर बैठकीत वाद झाला. मी आग्रह धरला आणि त्यांना पान मिळाले, याचा मला अभिमान आहे. ज्या माणसाने फुटलेल्या पंटला, म्हणजे सपाट तळाच्या बोटीला, नवी फळी बसवून ती पुन्हा पाण्यात सोडली, त्याच्यावाचून त्या क्लबचा इतिहास लिहिताच येणार नाही.

आणखी एक गोष्ट आत्ता आठवली. वृद्धांना भेटण्याचे काम कार्यालयीन कामाच्या आधी उरकावे. मी उताऱ्यामागे धावत असताना ज्यांच्याकडून जुन्या शर्यतींची हकीकत घ्यायची होती, त्या एका आजींची स्मृती मावळत गेली. मिळालेल्या छायाचित्रांमागे नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत, कारण शाई पुढच्या बाजूस उमटते. मूळ प्रती स्कॅन करून ज्यांच्या त्यांना लगेच परत कराव्यात.