लाल टेपवाला तवा

"किचन आहे ना?" हा प्रश्न मला दिवसातून आठ-दहा वेळा तरी येतो. पणजीत 18 जून रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर आमचं हॉटेल आहे. साध्या खोल्या नाहीतच, सगळे सुइट: झोपायची खोली, बसायची खोली आणि स्वयंपाकघर. मी रिझर्व्हेशनला आहे, नऊ वर्षं झाली. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना चहा, मॅगी आणि लहान मुलाचं दूध एवढंच करायचं असतं. त्यांना "हो, आहे" म्हटलं की भागतं.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी सोलापूरकडून एका बाईंचा फोन आला. किचन आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. "शेगडी गॅसची की इंडक्शन? तवा लोखंडी की नॉनस्टिक? त्याच्यावर आधी पोळ्या झाल्यात का?"

मी थांबले. तव्यावर पोळ्या झाल्यात का, हे मला नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला सिलियाक होता. गहू, जव आणि राय नावाचं धान्य यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते. त्यावर गोळी नाही, जन्मभर ते टाळायचं, एवढाच उपाय. आपल्याकडे डब्यावर 'ग्लूटेन फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. तव्याला चिकटलेल्या जुन्या पिठाची पापडीसुद्धा त्यापुढे जाऊ शकते. पोळपाट, लाटणं, पिठाची चाळणी, टोस्टर, सगळं वेगळं लागतं. सासू-सासरे, नवरा-बायको आणि दोन मुलं अशी सहा माणसं. मुलीला समुद्र बघायचा होता. त्याआधी दोन सहली याच कारणाने रद्द झाल्या होत्या.

त्यांच्यापुढे दोन पर्याय होते: कळंगुटकडचा एक बंगला, नाहीतर आम्ही. मी खरं ते सांगितलं. आमच्याकडून समुद्र दिसत नाही, मिरामारला गाडीने जावं लागेल. पण मार्केट पायी जाण्यासारखं, नारळ, भाजी, मासळी सगळं एका छपराखाली, आणि बांबोळीचं मेडिकल कॉलेज पंधरा-वीस मिनिटांवर. मांडवीच्या बाजूची खोली देत नाही, रात्री कॅसिनोच्या बोटींचा गलबला असतो. आजोबांचा गुडघा दुखतो म्हणून लिफ्टजवळची दिली.

मग स्वयंपाकघराबद्दल आम्ही चाळीस मिनिटं बोललो. ते बोलताना मला बरं वाटत होतं, हे इथे मोकळेपणाने सांगते. बुकिंगच्या पानावर 'किचन'पुढे टिकमार्क असतो, त्यात काय काय लपतं ते आम्हालाच माहीत. आगीच्या भीतीने खोलीत गॅस नाही, इंडक्शन आहे. म्हणजे घरून आणलेला हिंडालियमचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, कुकर चालणार नाही. फ्रिजवरचं चुंबक भांड्याच्या बुडाला लावायचं, चिकटलं तर चालेल. गोल बुडाचा तवा कडेने थंड राहतो, सपाटच हवा. एक शेगडी पूर्ण जोरात 2000 वॅट खेचते. दोन्ही शेगड्या, गीझर आणि दोन एसी एकदम लावले की एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडतो. वीज गेली तर जनरेटरवर दिवे, पंखे, फ्रिज आणि लिफ्ट चालते, शेगडी चालत नाही. हे शेवटचं कुठल्याही जाहिरातीत नसतं. आणि बेडरूममध्ये धुराचा सेन्सर आहे, फोडणी घालताना ते दार लावून घ्यायचं.

"भाकरी विस्तवावर टाकता येणार नाही मग," त्या म्हणाल्या.

"नाही ताई. तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागेल."

"ते जमवते मी. तवा तेवढा नवा द्या."

साहेबांकडे नव्या भांड्यांची परवानगी मागितली. ते म्हणाले, एका पाहुण्यासाठी इन्व्हेंटरी बदलता येत नाही. आमची किचन-इन्व्हेंटरी हा एक छापील कागद आहे: ताटं सहा, वाट्या सहा, तवा एक, कढई एक. पाहुणा जाताना काय घेऊन गेला हे कळावं म्हणून तो कुणीतरी केला. त्या भांड्यांत कुणी काय शिजवणार, हे तो करणाऱ्याच्या डोक्यातही नव्हतं. मी माझ्या पैशाने मार्केटमधून सपाट बुडाचा लोखंडी तवा, उलथनं आणि दोन घासण्या आणल्या. खोलीतला टोस्टर काढला, जुना तवा पॅन्ट्रीत ठेवला, शेगडीची काच आणि ड्रॉवरचे कोपरे स्वतः पुसले. ड्रॉवरच्या कोपऱ्यात पीठ साठतं, तिथे कुणाचा हात जात नाही. नवा तवा जुन्यासारखाच दिसत होता, म्हणून ओळखू यावा यासाठी त्याच्या दांड्याला लाल टेप गुंडाळली. मेंटेनन्सच्या खोलीत तीच मिळाली.

मंडळी आली. बाईंनी सामानाआधी स्वयंपाकघर बघितलं. ज्वारीचं आणि तांदळाचं पीठ, डाळी, मसाले, सगळं डब्यांत भरून आणलेलं. सोबत एक दोनशेपानी वही. उभ्या रेघा मारलेल्या: तारीख, वेळ, काय खाल्लं, कुठे, कुणी केलं, नंतर काय झालं, आणि शेवटचा रकाना 'कारण'. तीन वर्षांची ती नोंद होती. मी चाळली नाही, त्यांनीच उघडून दाखवली.

मुलगी गोड होती. सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की खिडकीत धावायची. पोळी दिसते तशी पोई, म्हणजे गोव्याचा गव्हाचा गोल पाव, दिसते आणि दोन्ही आपल्यासाठी नाहीत, हे तिला पाठ होतं. तिने मला एकदाच विचारलं, "पोई आतून पोकळ असते का?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती मंडळी मंगेशीला आणि कवळ्याला शांतादुर्गेला गेली. मुलीचा डबा बरोबर होता. दुपारी मळभ आलं, गडगडाट झाला आणि वीज गेली ती रात्री आठला आली. तोवर मुलं भुकेने रडकुंडीला आलेली. बाईंनी घाईघाईने भाकऱ्या थापल्या. साडेदहाला मुलीला पहिली उलटी झाली, मग आणखी दोन. पोट धरून ती पहाटेपर्यंत कण्हत होती. ती दिवाळीच्या आदली, नरकासुराची रात्र. शहरभर रस्त्यांत नरकासुराचे पुतळे, ढोल आणि गर्दी, टॅक्सी हलेना. रात्रपाळीच्या मुलाने डॉक्टरांना फोन लावला, पण बाई म्हणाल्या, "ओआरएस आणि गरम पाणी द्या. मला हे माहीत आहे." बाहेर सगळी पणजी जागी होती आणि तिसऱ्या मजल्यावर या आईने एकटीने रात्र काढली. मी तेव्हा डिचोलीला घरी होते.

सकाळी नऊला ड्युटीवर आले ती घरचे तांबडे पोहे, नारळ आणि गूळ घेऊन. गोव्यात दिवाळीची सकाळ फोवांची, म्हणजे पोह्यांची. रसातले, ताकातले, बटाट्याचे, सगळे तांदळाचेच. या मुलीला काहीही वेगळं न करता सगळ्यांच्या पंगतीत बसता येईल असा हा एकच सण आहे, असं वाटून मी आनंदात होते. शिजवलेले आणले नाहीत. ते बाईंनीच करावेत म्हणून कोरडे आणले.

दार उघडलं तेव्हा मुलगी झोपली होती. बाई हळू आवाजात रात्रीचं सांगत होत्या आणि माझी नजर शेगडीवर गेली. तवा होता. दांड्याला टेप नव्हती.

मी खाली आले, पॅन्ट्रीत गेले, मग मेंटेनन्सच्या खोलीत. लाल टेपवाला तवा तिथे होता, गळक्या नळाच्या आणि तुटलेल्या इस्त्रीच्या शेजारी. आमच्याकडे लाल टेप म्हणजे 'नादुरुस्त, वापरू नये'. हाउसकीपिंगच्या मुलाने दुपारी खोली आवरताना ती बघितली, खराब तवा मेंटेनन्सला पाठवला आणि कागदावर 'तवा एक' आहे म्हणून पॅन्ट्रीतला जुना आणून लावला. तो ओडिशाचा, एकोणीस वर्षांचा, अत्यंत नेटका. त्याने नियमात एक कणही चूक केली नव्हती. नऊ वर्षं त्या टेपेचा अर्थ मला माहीत होता आणि गुंडाळताना मला तो आठवला नाही.

साहेब म्हणाले, "सांगायची गरज नाही. सिद्ध काय होणार? उगाच रिव्ह्यू जाईल." पाहुण्याचा आजार आणि पाहुण्याचा रिव्ह्यू यांत आमच्या धंद्यात आधी काय आठवतं ते मी रोज बघते, पण त्या दिवशी ऐकवलं नाही.

वर जाऊन सांगितलं. टेपेसकट सगळं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वही घेतली आणि विचारत गेल्या: तवा कधी बदलला, जुन्यावर शेवटच्या पोळ्या कधी झाल्या असतील, धुतला कशाने, घासणी कुठली. मला जे माहीत होतं ते सांगितलं. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं: तवा. मग म्हणाल्या, "घाईत मी फडक्यानेच धरला दांडा. टेप बघायला हवी होती मी." त्या वाक्याने मला जे झालं ते ओरडण्याने झालं नसतं.

तासाभराने आजोबा लिफ्टने एकटे खाली आले. रिसेप्शनच्या सोफ्यावर बसले. मी चहा मागवला.

"पोरी, तुझा तवा नसंल बी," ते म्हणाले.

आदल्या दिवशी परतताना वाटेत एका हॉटेलात सगळे जेवायला थांबले होते. सूनबाई धाकट्याला घेऊन हात धुवायला गेल्या. नात इतरांच्या ताटांकडे बघत होती. आजोबांनी तिला आपल्या ताटातला दोन घास वरणभात भरवला. "वरणात गहू कुठला, म्हटलं. डाळ आणि तांदूळ. तिचा चेहरा बघवंना." आणि पुढे, "सूनबाईला सांगू नको. माझ्या हातचं परत ती पोरीला पाणी बी घेऊ देणार नाही."

मी सांगितलं नाही. माझी चूक मी सांगून मोकळी झाले होते, त्यांची माझ्याकडे राहिली. मंडळी आणखी दोन दिवस राहिली, मुलगी सावरली, मिरामारला वाळूत खेळली, लाल टेप काढलेल्या तव्यावरच्या भाकऱ्या खाल्ल्या. फोव केले होते. मलाही वाटीभर दिले, रसातले. निघताना बाईंनी तवा घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.

त्यानंतरच्या माझ्या सुटीला मी फोंड्याच्या बसने त्या हॉटेलात गेले. वरणभात मागवला. मालक भला माणूस होता, कशासाठी ते सांगितल्यावर मला आत नेलं. वरणात गव्हाचं काही नव्हतं, फोडणीत हिंग होता. मी हिंगाची डबी मागितली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापले होते: गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. शुद्ध हिंग फार उग्र म्हणून बांधणीच्या हिंगात पीठ घालतात. घरोघरी तोच असतो, आमच्याकडेही. मालक डबी हातात धरून दोनदा वाचत राहिला. रोज हाताळतो आणि कधी मागे वळवून बघितली नाही, म्हणाला.

डबीचा फोटो माझ्या फोनमध्ये अकरा दिवस पडून होता. बाईंच्या वहीत तवा लिहिलेला. त्या आता परक्या तव्याला जन्मात हात लावणार नाहीत, आणि वरणाच्या फोडणीची शंकाही घेणार नाहीत, असं माझ्या मनात यायचं. दर वेळी आजोबांचा चेहरा समोर यायचा आणि मी फोन ठेवून द्यायचे. सांगायला हवं होतं का? आजही मला ठाम उत्तर देता येत नाही.

बाराव्या दिवशी आजोबांचाच फोन आला. "सांगितलं बघ सूनबाईला. काल रात्री. आठ दिस झोप नव्हती. तिनं विचारलंय, वरणात काय काय होतं?"

मी फोटो पाठवला. संध्याकाळी बाईंकडून वहीच्या त्या पानाचा फोटो आला. 'कारण' या रकान्यात तव्यापुढे आता प्रश्नचिन्ह होतं, खाली वेगळ्या शाईत 'हिंग (बाहेरचं वरण)', त्याच्यापुढेही प्रश्नचिन्ह. सोबत निरोप: हे लिहायचं असेल तर लिहा, गाव-नाव घालू नका, हिंगाचं मात्र नक्की घाला. आजोबांनाही विचारलंय.

तवा माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, हिरवी टेप लावून. इन्व्हेंटरीच्या कागदात एक रकाना वाढवावा म्हणून मी लेखी अर्ज दिलाय. साहेबांनी तो वर पाठवला म्हणतात.