चेन्नईच्या रस्त्यांवरची रात्रीची फॉर्म्युला ४

डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळामुळे पुढे ढकललेली चेन्नईची रात्रीची शर्यत अखेर १ सप्टेंबर २०२४ रोजी प्रत्यक्ष पाहायला मिळाली. आयलंड ग्राउंड्सभोवतीचा सुमारे ३.५ किलोमीटरचा आणि १९ वळणांचा हा ट्रॅक, एरवी जिथे आम्ही सिग्नलला ताटकळत उभे असतो, त्याच रस्त्यांवरून जात होता.

माझे लक्ष मुख्यतः भारतीय फॉर्म्युला ४ कडे, म्हणजे तरुण चालकांसाठीच्या एकआसनी रेसिंग गाड्यांच्या मालिकेकडे होते. वयाच्या पंधराव्या वर्षापासून या गटात उतरता येते. म्हणजे ज्याला आपल्याकडे स्कूटरचाही परवाना मिळणार नाही, असा मुलगा काँक्रीटच्या भिंतीपासून वीतभर अंतर राखून वळण घेत असतो. कायमस्वरूपी ट्रॅकवर चूक झाली तर गाडी मोकळ्या जागेत जाते आणि बहुधा परतही येते, इथे मात्र ती थेट भिंतीवर आदळते. शिवाय नेहमीच्या वाहतुकीचा रस्ता असल्याने सुरुवातीला धूळ आणि तेलकटपणा असतो, आणि गाड्यांचे रबर जसजसे डांबरावर चढते तसतशी पकड वाढत जाते. मात्र ती फक्त गाड्या ज्या मार्गाने पुन्हापुन्हा जातात त्या ठरलेल्या रेषेपुरती. ओव्हरटेक करायचे तर ती रेषा सोडून धुळीत उतरावेच लागते, म्हणून पुढे जाण्यासाठी तिथेही वळणाआधी ब्रेक उशिरा दाबणाऱ्या मुलांचे मला विशेष कौतुक वाटले.

पहिली शर्यत ऑस्ट्रेलियाच्या ह्यू बार्टरने जिंकली. तिकिटे मात्र, माझ्या मते, विद्यार्थ्यांसाठी आणखी स्वस्त हवी होती.